आमची वाटचाल : माग बंद पडू दिला नाही

आमचं काम घोंगड्याचं आणि गोंड्याचं. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे सणगर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणणारे. आजोबांनी खड्ड्याचा माग घातला, वडिलांनी तो चालवला, आता मी आणि धाकटा भाऊ विणतो. सूतकताई आणि गोंडे घरातल्या बायकांकडे. मधली बरीच वर्षं सरळ गेली: लोकर यायची, माल विणायचा, सिद्धनाथाच्या यात्रेत, पंढरीच्या वारीत खपायचा. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

सांगायचंय ते त्या व्यापाऱ्याबद्दल. नाव घेत नाही, पण या भागातल्या विणकरांना कळेल. 2020 च्या आधीची गोष्ट. गाडी घेऊन आला, आमच्या दुकानात मांडी घालून बसला, वडिलांच्या हातचा चहा प्यायला. घोंगडी उलगडून पाहिली, काठाची वीण मोबाईलवर टिपून घेतली. मोठी ऑर्डर देतो म्हणाला, नमुना म्हणून चांगली जावळाची घोंगडी घेऊन गेला. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. ती मिळायलाच मेंढपाळाची मर्जी लागते, विणायला तर बोटांची परीक्षा. पैसे पुढच्या खेपेला देतो म्हणाला. पुढची खेप काही आली नाही.

पंढरपुरात आमचाच काळा रंग आणि आमचाच पांढरा काठ दिसायला लागला, फक्त अंगाला ॲक्रिलिकच्या कृत्रिम धाग्याचं. यंत्रावर विणलेलं, किंमत आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. त्यावर चिठ्ठी काय, तर ‘म्हसवडचं हातमागाचं घोंगडं’! लोकांना वाटायचं, आम्हीच इतके दिवस लुबाडत होतो. वर्षानुवर्षं येणारं गिऱ्हाईक भाव ऐकून हसून पुढं गेलं. ते हसणं वडिलांनी शेवटपर्यंत मनातून काढलं नाही.

पाठोपाठ 2020 आलं. पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीतून पंढरीला गेल्या. 2021 लाही तेच. यात्रा बंद, आठवडी बाजार बंद. आमचा वर्षाचा माल आषाढीवर निघतो. विणून ठेवलेला माल घरात, त्याला कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालायचा आणि बघत बसायचं. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थांबला. भाऊ म्हणाला, माग उचलून खड्डा बुजवू, तिथं किराणा टाकू. आईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचोके भाजायला घेतले.

चिंचोक्यांची खळ, म्हणजे विणण्याआधी धाग्याला बळ यावं म्हणून लावायची चिकट पेज, कशी करतात ते या धंद्यातल्यांना माहीत आहेच. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, गल्लीत उन्हात ताणून त्यावर ही खळ कुंच्यानं ओढायची, एकाच दिशेनं, हात न थांबवता. खळ पातळ झाली तर धागा मागावर फुसकन सुटतो, घट्ट झाली तर तडकतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि आखूड असते, ती खळीशिवाय फणीचा मार सोसतच नाही. बाजारात तयार पावडर मिळते. आम्ही वापरली नाही, वापरणारही नाही. 

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक दारात आलं. सांगोल्याकडचे एक मेंढपाळ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या वडिलांचं घोंगडं माझ्या आजोबांनी विणलेलं. तात्या कधी भाव विचारत नाहीत. घोंगडं चौघांना चार कोपऱ्यांवर धरायला लावतात, मध्ये खोलगट करतात आणि तांब्याभर पाणी ओततात. खाली थेंब पडला की घोंगडं परत. मग लोकर गालाला घासतात, नाकाला लावतात. त्या सालीही असंच केलं, रोख पैसे मोजले आणि जाताना बोलले, “पोरा, मेंढरं हायेत तवर माग हाय.”

पण मेंढरंच बदलली, हे दुखणं वेगळं. आता मेंढपाळ माडग्याळी पाळतो. जतकडची ही जात अंगानं उंच, वजनाला भारी, पण तिला लोकर जवळजवळ नाहीच. त्याला मांसाचा भाव मिळतो, त्याचं चुकलं म्हणता येत नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली तरी एका कातरणीला अर्धा किलोच्या आतच लोकर निघते, त्यातली घाण झटकल्यावर आणखी कमी. कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून कित्येकजण ती उकिरड्यावर टाकतात. आम्ही मेंढरांच्या वाड्यावर जाऊन ती उचलतो आणि पैसे देऊन उचलतो, फुकट नाही.

आम्हाला उभं केलं ते गोंड्यांनी. काळ्या लोकरीला रंग चढत नाही, म्हणून पांढरी निवडून ठेवायची, रंगवायची, फळीवर गुंडाळायची, कमरेत सुतानं आवळायची, दोन्हीकडून कापायची आणि कात्रीनं गोल करत न्यायचं. घरातल्या बायकांच्या हातचा गोंडा असा भरगच्च होतो की बोट आत जात नाही. बेंदराला बैलांच्या शिंगांसाठी, गळ्यासाठी मागणी पहिल्यापासून होती. तिथंही ॲक्रिलिक घुसलंय. मग पुण्याच्या एका ताईंनी दारासाठी तोरण मागितलं. त्यांच्याकडे बघून इतरांनी. आता तोरणं, भिंतीवरच्या झुली, झोपाळ्याच्या कड्यांना गोंडे, असं वर्षभर चालतं. घोंगड्याचा माग त्या पैशावर तगला.

घेणाऱ्यांनी एवढं करावं. घोंगड्याच्या दशीचा एक धागा ओढून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. दुकानदार चिडला तर समजा, उत्तर मिळालं. घोंगडं मशिनीत घालू नका, पिळू नका. रिठ्याच्या गार पाण्यात बुचकळून सावलीत पसरा. आणि विणकरांनो, निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय ताणा लावू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

तो व्यापारी अजून धंद्यात आहे. त्याच्या चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव अजून आहे. आमच्या नमुन्याचे पैसे राहू देत, ती चिठ्ठी तेवढी काढावी.