टेरेझिनला जाताय? आधी गाव बघा, किल्ला नंतर

प्रागला जाणारे बरेच जण टेरेझिन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं ते गाव, करतात, पण टूरवाले थेट छोट्या किल्ल्यात नेतात, फोटोबिटो आणि चला परत. तो किल्ला म्हणजे गेस्टापोचा, नाझींच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग, तिथे जास्त करून राजकीय कैदी होते. ज्यू कुटुंबं कोंडली होती ती पलीकडच्या गावात, तेच घेट्टो, किल्ल्यापासून चालत पंधराएक मिनिटं. त्यामुळे आधी गाव.

मेट्रोच्या लाल लाइनने होलेशोविस स्टेशन, तिथूनच बस, साधारण तासाभरात पोचते. घेट्टो म्युझियममध्येच किल्ल्यासकट कंबाइन्ड तिकीट घ्या, वेगवेगळं महाग पडतं. शनिवारी जाऊ नका, क्रेमेटोरियम (मृतदेह जाळायची जागा) बंद असतं.

जाण्याआधी हेल्गा वायसोवाबद्दल थोडं वाचून जा, नाहीतर नुसत्या पिवळ्या भिंती बघून परत याल. डिसेंबर 1941 मध्ये बारा वर्षांची हेल्गा आईबाबांबरोबर इथे आली, आल्याआल्या पुरुष एका बराकीत आणि बायका-मुलं दुसरीकडे. तिने बर्फाच्या माणसाचं चित्र काढून बाबांना चोरून पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, जे दिसतं ते काढ. मग तिने तेच केलं, जेवणाच्या रांगा, बंक, सामान ओढणारी माणसं. युद्धाआधी सैनिक धरून सातेक हजार वस्तीचं हे गाव, 1942 च्या सप्टेंबरात तिथे 58 हजारांच्या आसपास माणसं होती!! माग्डेबुर्ग बराकीत तीनमजली बंकांची खोली परत उभी केलीय, मधल्या बंकवर ताठ बसताच येणार नाही एवढीच जागा, दोरीवर कपडे, खाली बॅगा. तिथे घाई करू नका.

ऑक्टोबर 1944 मध्ये आधी हेल्गाच्या बाबांना ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत नेलं, पाठोपाठ हेल्गा आणि आईला. चित्रं काकांकडे राहिली, त्यांनी ती याच माग्डेबुर्ग बराकीच्या भिंतीत चिणून ठेवली म्हणून वाचली. मायलेकी ऑशविट्झ, फ्रायबर्ग, माउटहाउझेन या सगळ्या छावण्यांतून जिवंत परत आल्या, बाबा नाही आले.

आणखी एक, गावात आजही लोक राहतात, बराकींच्या आजूबाजूला कपडे वाळत असतात, तर घरांत कॅमेरे घालू नका राव. खायला फार काही नाही, डबा सोबत ठेवा. परतीच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या बघून ठेवा, संध्याकाळी गाड्या कमी होतात.