यंदा जळगावची पोरं पुढे जाणार, पण पिचर तीन हवेत

यंदाच्या बेसबॉल सीझनमध्ये आपल्या जळगावच्या पोरांकडून मला फार आशा आहे. बॅटिंगची चिंता नाही. क्रिकेटवर वाढलेल्यांची नजर पक्की असते. फक्त बॅट जमिनीवर टेकवायची सवय मोडून ती खांद्यामागे उभी धरायला हवी, कारण इथे बॉल टप्पा न पडता थेट येतो.

खरी कसोटी पिचिंगची, म्हणजे बॅटरकडे बॉल फेकण्याची. पिचर उभा राहतो त्या उंचवट्यापासून, म्हणजे माउंडपासून, बॅटरजवळची होम प्लेट 18.44 मीटर, म्हणजे क्रिकेटच्या 20.12 मीटर खेळपट्टीपेक्षा कमीच. पण रनअप नाही. जोर मागच्या पायातून आणि कमरेतून यायला हवा. नुसत्या हाताने फेकलं की कोपर धरतं. एकाच पोरावर सगळा भार टाकला तर स्पर्धेच्या मध्यावरच तो बसतो.

दुसरं, आपली काळी जमीन. उन्हात भेगाळली की सरपटत येणारा बॉल भेगेच्या कडेवर आपटून थेट शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या, तोंडावर उडतो. भेगा मुरमाने बुजवा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी वाफसा आला की रोलर फिरवा. ओल्यात फिरवलात तर माती रोलरलाच चिकटते.

माझा अंदाज: तीन पिचर धड राहिले तर सेमीफायनल नक्की!