दिवेलागणीचा ओला रस्ता

शहरातला रस्ता एरवी कोणी निरखून पाहत नाही. तो तुडवायचा, ओलांडायचा आणि विसरून जायचा असतो. पण पाऊस नुकताच उघडलेला असावा आणि दिवेलागणीची वेळ असावी, की हाच रस्ता पाहण्याजोगा होतो आणि कॅमेरा हाताशी असलेल्या माणसाचे पाय घराकडे वळेनासे होतात. अशा वेळी काढलेली छायाचित्रे मी नंतर पाहतो, तेव्हा त्यांतल्या इमारती, माणसे, वाहने ही सगळी निमित्तमात्र वाटतात. चित्र खरे तर जमिनीचे असते.

भिजलेले डांबर अधिक काळे का दिसते, याचे कारण मोठे मजेदार आहे. कोरड्या खडीवर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो, म्हणून कोरडा रस्ता कुठूनही पाहिला तरी सारखाच राखाडी आणि निर्विकार. त्यावर पाण्याचा पातळ थर बसला, की खडीवरून वर परतणाऱ्या प्रकाशाचा बराचसा भाग पाण्याच्या पृष्ठभागावर आतून आपटतो, पुन्हा खाली वळतो आणि डांबरात जिरतो. म्हणजे पाणी रस्त्याचा स्वतःचा रंग गिळते आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर दिव्यांचे रंग मांडून दाखवते.

मात्र हे दाखवणे मोठे लहरी असते. सरळ खाली पाहिले तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परतवते. नजर जितकी तिरपी होत जाईल तितके प्रतिबिंब उजळते आणि अगदी जमिनीलगत पाहिले तर ते निम्म्याच्याही पुढे जाते. म्हणूनच लांबवर झळाळणारा रस्ता आपल्या पायाशी मात्र काळाच असतो, आणि म्हणूनच या छंदात भर रस्त्यात उकिडवे बसण्याचा संकोच सोडावा लागतो. मोबाइल असेल तर तो उलटा धरावा, म्हणजे त्याचे भिंग पाण्याच्या बोटभर वर येते. प्रतिबिंबे पुसून टाकणारा पोलरायझर इतर वेळी कितीही उपयोगी असो, या वेळी तो पिशवीतच बरा.

एखाद्या हातभर रुंदीच्या डबक्यापाशी असे बसून राहिले की पाहण्यासारखे बरेच घडते. सिग्नलचा लाल दिवा पाण्यात अगदी रेखीव उतरलेला असतो. वरच्या तारेला लोंबणारा थेंब टपकन पडतो आणि त्या लाल वर्तुळाच्या चिंध्या होतात. त्या चिंध्या काठापर्यंत जाऊन परत फिरतात, हळूहळू एकमेकींना चिकटू लागतात, आणि वर्तुळ पुन्हा पुरते जुळून यायच्या आत सिग्नल हिरवा झालेला असतो. बटण नेमके कधी दाबावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. चिंध्यांचे चित्र बहुधा वर्तुळापेक्षा सरस येते, एवढेच सांगता येईल.

या सगळ्याला वेळ फार थोडा मिळतो. निरभ्र आकाशात सूर्यास्ताच्या क्षणी जमिनीवर सुमारे 400 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो आणि सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत तो 3 ते 4 लक्सवर येतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत एवढ्या उतरणीला वीस-बावीस मिनिटे लागतात, म्हणजे उजेड सरासरी दर तीन मिनिटांनी निम्मा होत जातो. विषुववृत्तापासून दूर हा काळ लांबतो. रस्त्यावरचे दिवे मात्र आपले ठरलेले दहा-वीस लक्स देत राहतात. आकाश उतरत उतरत दिव्यांच्या बरोबरीला येते तेव्हाची काही मिनिटेच खरी कामाची. त्याआधी दिवे फिके पडतात आणि त्यानंतर आकाश हरवते. ढगांचे सावट असेल तर हा हिशेब आणखी आधी संपतो.

त्या मिनिटांतली निळाईही दिवसाच्या निळाईहून वेगळी असते. मावळलेल्या सूर्याचा प्रकाश वातावरणातल्या ओझोनमधून लांबचा पल्ला कापत येतो आणि ओझोन त्यातला पिवळा-केशरी भाग शोषून घेतो, हे एडवर्ड हल्बर्ट या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये दाखवून दिले. या निळ्यावर सोडियमच्या दिव्याचा केशरी पट्टा पडला, की त्या ओल्या डांबरावर दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. आता बहुतेक ठिकाणी पांढरे एलईडी दिवे आले आहेत. उजेड वाढला, पण रस्त्यावरचा तो केशरी गेला, याची हळहळ मला वाटते. जो काही रंग उरला आहे तो तरी टिकावा म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटा जुळवण्याची सोय, ऑटोवर ठेवू नये, कारण कॅमेरा आपण होऊन निळा आणि पिवळा दोन्ही धुऊन टाकू पाहतो.

या विषयाचे वेड जुने आहे. चित्रकार गुस्ताव कायबोत याने 1877 मध्ये पॅरिसचा पावसाळी चौक रंगवला, त्यात पावसाची एक रेघ नाही. उघड्या छत्र्या आणि चकाकणाऱ्या फरशा पाऊस सांगतात. छायाचित्रकार आन्री कार्तिए-ब्रेसाँ याने 1932 मध्ये पॅरिसच्याच सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून झेपावणारा माणूस टिपला, आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक डबक्याशेजारी कोणी ना कोणी कॅमेरा रोखून उडीची वाट पाहत बसलेला असतो. मला स्वतःला उडी मारणाऱ्यापेक्षा छत्री मिटून तिचे पाणी झटकत उभा असलेला माणूस अधिक आवडतो. त्याला घाई नसते आणि तो जागचा हलत नाही, त्यामुळे शटर थोडे संथ ठेवता येते.

मोबाइलमधल्या नाइट मोडशी मात्र माझे पटत नाही. तो एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो, अंधारात दडलेले कोपरे उजळून काढतो आणि संध्याकाळची दुपार करून ठेवतो. हलत्या पाण्यातली प्रतिबिंबे तर लोण्यासारखी गुळगुळीत होऊन जातात. तो बंद करून उजेड एक पायरी कमीच ठेवावा, म्हणजे डांबर डांबरासारखे काळे राहते. काळोख पडल्यानंतरची, निऑनच्या पाट्यांनी रंगलेली ओली छायाचित्रे आवडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. फक्त त्यांत रात्रीचे नऊ वाजले आहेत की पहाटेचे तीन, हे मला कधी ओळखता येत नाही.