कोरी राहिलेली रेषा

सकाळी शिफ्ट बदलताना लॅबच्या रजिस्टरात रात्रीची एक नोंद दिसली: मलेरिया कार्ड (झटपट तपासणीची पट्टी) पॉझिटिव्ह, व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची एक जात. ताप ५ दिवसांचा, प्लेटलेट ४१ हजार. रिपोर्ट गेलेला होता. कार्ड मात्र अजून ट्रेमध्येच पडलेलं होतं. त्यावरची पॅन-एलडीएचची, म्हणजे सगळ्या जातींसाठीची रेषा इतकी गडद, की कार्ड चालतंय हे दाखवणारी कंट्रोलची रेषा तिच्यापुढे फिकी वाटावी. फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीसाठीची एचआरपी२ची जागा कोरी.

खटकली ती गडद रेषाच. व्हायव्हॅक्स कोवळ्या तांबड्या पेशीच धरतो, त्यामुळे रक्तात त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर क्वचितच जातं. मग एवढं एलडीएच आलं कुठून?

या कार्डावर दोन खुणा शोधल्या जातात. एचआरपी२ हे प्रथिन फक्त फाल्सिपेरम बनवतो. एलडीएच हे विकर सगळ्याच जातींचे जिवंत परजीवी बनवतात. त्यामुळे किटसोबतच्या कागदावरचा तक्ता सोपा असतो: दोन्ही रेषा आल्या तर फाल्सिपेरम किंवा मिश्र, फक्त पॅन आली तर फाल्सिपेरम नाही. रात्रीच्या माणसाने तक्ता बरोबर वाचला होता. चूक तक्त्याची आहे, आणि असा तक्ता छापणाऱ्यांवर माझा राग आहे.

ईडीटीएने गोठू न दिलेल्या उरलेल्या रक्ताचे काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन्ही लेप काढले. रक्त चार तासांचं होतं. जास्त शिळं झालं की परजीवींचं रूप बिघडतं, पण एवढ्यात रिंगा, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी, ओळखू येतात. पातळ लेप मिथेनॉलने पक्का केला, जाड तसाच ठेवला. १० टक्के जिम्सा हा रंग, पीएच ७.२ चं पाणी, १५ मिनिटं. हे पीएच लोक गंभीरपणे घेत नाहीत. पाणी आम्लधर्मी निघालं की सगळं गुलाबी होतं आणि परजीवीचं केंद्रक शोधत डोळे फुटतात.

सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली पहिल्याच फील्डमध्ये उत्तर मिळालं: फाल्सिपेरम. बारीक नाजूक रिंगा, एकाच पेशीत दोन-दोन, काही पेशीच्या कडेला चिकटलेल्या. व्हायव्हॅक्समध्ये दिसतात तशा पेशी फुगलेल्या नाहीत, शुफनरचे बारीक ठिपकेही नाहीत. १००० तांबड्या पेशी मोजल्या, ११८ बाधित निघाल्या. ११.८ टक्के. त्या दिवशीच्या काउंटवर तांबड्या पेशी मायक्रोलिटरला ३८ लाख होत्या, म्हणजे हिशेबाने साडेचार लाखांच्या आसपास बाधित पेशी. शिवाय काही न्यूट्रोफिलांमध्ये तपकिरी रंगद्रव्य दिसलं. असं रंगद्रव्य दिसलं की आजार जोरात आहे असंच मी समजते.

लगेच डॉक्टरांना फोन केला. पलीकडून आधी ऐकू आलं, ‘‘पण तुमचाच रिपोर्ट व्हायव्हॅक्सचा आहे ना?’’ व्हायव्हॅक्सवरचं औषध, क्लोरोक्विन, लिहिलेलं होतं. १० टक्क्यांच्या वर गेलेला फाल्सिपेरम गंभीरच धरतात, त्यामुळे शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं. नव्या रिपोर्टवर मी टक्केवारी लिहिली. ‘एमपी (मलेरिया परजीवी) पॉझिटिव्ह, तीन प्लस’ असं लिहायची पद्धत मला कधीच पटली नाही, त्यातून डॉक्टरला उपचाराचा अंदाज काय येणार?

पण एचआरपी२ची रेषा आली का नाही? शक्यता दोनच उरत होत्या. एक म्हणजे परजीवीत एचआरपी२ बनवणारं जनुकच नसणं. असे फाल्सिपेरम पेरूच्या अॅमेझॉन भागात सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं आणि नंतर आफ्रिकेतूनही, विशेषतः इरिट्रियातून, तशाच नोंदी आल्या. पण परजीवी इतके दाट असताना एचआरपी२च्या जुळ्यासारखं प्रथिन एचआरपी३सुद्धा थोडी रेषा उमटवतं. म्हणजे दोन्ही जनुकं गेलेली असायला हवीत.

दुसरी शक्यता प्रोझोनची, म्हणजे शोधायचं प्रथिन फार जास्त झाल्याने रेषाच न येण्याची. रेषा उमटायची तर प्रतिजन, म्हणजे इथे एचआरपी२, दोन प्रतिपिंडांच्या मध्ये सँडविचसारखं अडकावं लागतं: एका बाजूला सोन्याचे कण लावलेलं प्रतिपिंड, दुसऱ्या बाजूला पट्टीवर पक्कं बसवलेलं. एचआरपी२ बेसुमार असलं की ते दोन्हींना वेगवेगळं व्यापून टाकतं. सँडविच बनतच नाही आणि रेषा कोरी राहते. पॅन-एलडीएचला हा त्रास सहसा होत नाही, म्हणूनच ती रेषा एवढी गडद.

हे तपासायला पाच मिनिटांचं काम लागतं. १० मायक्रोलिटर रक्तात ९० मायक्रोलिटर ०.९ टक्के सलाइन घातलं की १:१०, आणि ४९० घातलं की १:५०. हलकेच उलटसुलट करायचं, जोरात हलवायचं नाही. मग दोन नवी कार्डं, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर. बफरचे थेंब मोजूनच टाकायचे आणि कार्ड किटवर लिहिलेल्या वेळेलाच वाचायचं. घाईने वाचलं तर फिकी रेषा निसटते, तासाभराने वाचलं तर नसलेलीही उगवते.

१:१० वर एचआरपी२ची रेषा स्पष्ट आली. १:५० वर तर ती पॅनपेक्षा गडद. जनुक नसतं तर कितीही पातळ केलं तरी तिथे काही उमटलं नसतं.

रात्री फक्त कार्डावर रिपोर्ट देण्याची आमची पद्धत आहे. त्याचं कारणही खरं आहे: त्या वेळी एकच माणूस असतो आणि लेप नीट बघायला पाऊण तास जातो. तरी ‘फक्त पॅन, आणि तीही गडद’ असं कार्ड दिसलं तर लेप बघितल्याशिवाय व्हायव्हॅक्स लिहायचं नाही, एवढी एक ओळ रात्रीच्या सूचनांत घालता आली असती. ती मी आधीच का घातली नाही, हा प्रश्न अजून सुटत नाही. मूळ कार्ड नंतर दिव्यासमोर तिरकं धरून पुन्हा पाहिलं. एचआरपी२च्या जागी करडी छटा होती की नव्हती, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशीच्या लेपात मोजक्याच रिंगा होत्या. सातव्या दिवशी लेप कोरा आणि पॅन-एलडीएचही गेलेलं, कारण परजीवी मेले की ते विकर काही दिवसांत ओसरतं. एचआरपी२ मात्र आठवडे रक्तात फिरत राहतं. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी पुन्हा कार्ड पाठवलं, आणि मला फोन आला: ‘‘मॅडम, फाल्सिपेरमची रेषा पॉझिटिव्ह आहे. उपचार फसला का?’’ मी कार्ड मागवून घेतलं. साडेचार लाख बाधित पेशी असताना कोरी राहिलेली रेषा आता ठसठशीत होती आणि जाड लेपाच्या २०० फील्डमध्ये एकही परजीवी नव्हता.