आईचं कार्ड, तीन मेसेज आणि १९३०

आई गप्प झाली आहे, हे माझ्या लक्षात यायला अर्धा तास गेला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आली होती. मी गोव्यातल्या फोंड्याहून साखळीला माहेरी आले होते आणि आम्ही दोघी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करत बसलो होतो. ती सारण भरत होती, मी कडा दुमडत होते. मध्येच तिला फोन आला, ती आतल्या खोलीत गेली, परत आली. हात चालू राहिले, बोलणं मात्र थांबलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने फोन माझ्यापुढे सरकवला. काचेवर पिठाचा अंगठा उमटलेला होता आणि त्याखाली बँकेचे दोन मेसेज. ७:२२ ला ४९,९९९ रुपये, ७:२६ ला २९,५०० रुपये. आठ वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"साडेनऊला वीज कापणार म्हणाला गो."

मागच्या महिन्याचं बिल नोंदलं गेलेलं नाही, असं वीज खात्याच्या नावाने कुणीतरी तिला सांगितलं होतं. व्हॉट्सअॅपवर एक फाइल पाठवली, ती उघडायला लावली, मग बारा रुपये भरायला सांगून कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे घेतले. ओटीपी तिने कुणालाच सांगितला नव्हता, आणि हेच तिला कळत नव्हतं. ती फाइल म्हणजे एक अॅप होतं. मेसेज वाचायची परवानगी त्याने आधीच मागून घेतली होती, त्यामुळे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जात होते.

माझ्या तोंडावर आलं होतं, "अगं, कितीदा सांगितलं तुला!" ते गिळलं, याचं आजही समाधान वाटतं. तो अर्धा तास तिने मला कसं सांगायचं या भीतीपोटीच घालवला होता. आपल्याकडे फसलेल्या माणसाला आधी बोल लावतात आणि फोन नंतर लावतात. चोराला नेमकी तेवढीच सवड हवी असते.

आईचा फोन फ्लाइट मोडवर टाकला. माझ्या फोनवरून, कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरावर बँकेला फोन केला. आईने स्वतः बोलून कार्ड बंद करायला सांगितलं, मी तक्रार क्रमांक आणि वेळ नेवऱ्यांच्या यादीच्या कागदावर लिहून घेतली: ७:५८. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा मदत क्रमांक लावला. दुसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडचा पोलीस कोकणीतून बोलायला लागला तेव्हा कुठे आईला कंठ फुटला. त्याने बँकेचं नाव, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारली. ही माहिती यंत्रणेत गेली की पैसे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये पोचले असतील तिथे सूचना जाते, आणि तिथे जे शिल्लक असेल ते रोखून धरतात. पुढे वळते झाले असतील तर त्या पुढच्या खात्यात शोध. म्हणून मिनिटांना किंमत. तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला आणि उरलेला तपशील रात्रीच सायबर क्राइम पोर्टलवर भरला.

रात्री खात्याचा उतारा पाहिला तर तिसरा व्यवहार दिसला. १८,००० रुपये, ८:११ ला. कार्ड बंद झालं असं बँकेने सांगितल्यानंतर तेरा मिनिटांनी.

ते अॅप लगेच काढून टाकायचा मोह झाला होता, पण आधी त्या फाइलचे, संभाषणाचे आणि सेटिंगमधल्या परवानग्यांचे फोटो काढले. स्क्रीनवर त्याचं चिन्हच नव्हतं, सेटिंगमधल्या अॅपच्या यादीत ते सापडलं. मग फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला.

दुसऱ्या दिवशी माशेल-बाणस्तारीवरून जुने गोवे गाठून रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेले. सोबत उतारा, मेसेजच्या छापील प्रती, आईच्या सहीचा अर्ज. तिथलं काम तासाभरात आटोपलं. बँकेत मात्र दिवस गेला. "माहिती तुमच्या आईनेच दिली, आम्ही काय करणार?" हे वाक्य तीन टेबलांवर ऐकलं. मी लेखी तक्रार दिली आणि पोच शिक्क्यासकट घेतली. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक त्याला जोडलं. त्यात साफ लिहिलंय: ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. आमचे पहिले दोन व्यवहार यात बसवणं कठीण होतं. तिसरा मात्र ७:५८ नंतरचा होता, आणि ७:५८ ला तक्रार क्रमांक मिळाला होता.

तीस दिवस उत्तर आलं नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, तिला पैसे पडत नाहीत. नंतर पंधरवड्यात १८,००० जमा झाले.

२९,५०० मधले २२,४०० एका वॉलेटमध्ये रोखले गेले होते. रोखले म्हणजे हातात आले नव्हेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते सोडवायला डिचोलीच्या न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला, पोलिसांनी त्यावर म्हणणं दिलं आणि आदेश निघाल्यावर पैसे आईच्या खात्यात आले. यात चार महिने गेले. ४९,९९९ ची त्याच रात्री कुठेतरी खरेदी झाली होती, त्यातलं काहीच हाती लागलं नाही.

मधल्या काळात आईचं आधार बायोमेट्रिक लॉक केलं. जमिनीच्या दस्तांवर आपल्याकडे अंगठे असतात, आणि तसे ठसे उचलून आधारवरून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. लॉक केलं की ठसा चालतच नाही. गरज पडली की थोड्या वेळापुरतं उघडता येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम आहेत तेही पाहिलं. ती वापरत नसलेलं एक निघालं, बाबांचं जुनं. ते बंद करून घेतलं. पेन्शनच्या खात्याचं कार्ड आता ऑनलाइन खरेदीसाठी बंदच ठेवलंय, बाजारहाटाला वेगळं छोटं खातं आहे.

एकूण ५७,०९९ गेले. आई बरेच दिवस शेजारी कुणाला सांगू देत नव्हती. मग एका संध्याकाळी पलीकडच्या काकी तसलाच मेसेज दाखवायला आल्या, तेव्हा तिनेच त्यांना समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. पहिल्या व्यवहाराचा तपास अजून बंद झालेला नाही. पुढच्या सोमवारी मला रायबंदरला पुन्हा जायचं आहे. या खेपेला आई म्हणते, मीही येते.