रेवदंडा: तटाच्या आतलं गाव

आज रेवदंडा. अलिबागचा रस्ता तट फोडूनच गावात शिरतो, म्हणून बरेचजण किल्ला शोधत पुढे निघून जातात! घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, सगळं तटाच्या आतच. पोर्तुगीजांचं हे ठाणं १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं. सातखणी बुरुजाचे चारच खण उरलेत.

समुद्राकडचा तट बाहेरून पाहायचा तर ओहोटीच हवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. तासभर आधी उतरावं, पाणी वळलं की निघावं. शेवाळावर रबरी चप्पल हमखास घसरते. तटात घुसलेल्या मुळ्या धरून चढू नका. सांध्यांतला चुना सुटलाय, दगड हातात येतो.