मोहोळजवळचा लान्झ बुलडॉग

मोहोळजवळच्या एका वस्तीवर बाभळीखाली वर्षानुवर्षे उभा असलेला लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर विकत घ्यावा का म्हणून पाहायला गेलो, तेव्हा रंग आणि टायर यांकडे मी मुद्दाम दुर्लक्ष केले, कारण ती कामे पैसे टाकले की सोलापुरातही होतात. जर्मनीतील मॅनहाइम येथे १९२१ पासून बनू लागलेल्या या ट्रॅक्टरला एकच आडवा सिलिंडर असतो; इंधन पेटावे म्हणून सिलिंडरचा पुढचा गोळा ब्लोलॅम्पच्या ज्योतीने तापवायचा, स्टिअरिंग दांड्यासह उपसून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, अडकवायचे आणि मागेपुढे झुलवून इंजिन सुरू करायचे. ते कधी उलटेही फिरू लागते, मग पुढचा गिअर टाकला तरी ट्रॅक्टर मागे जातो!

फ्लायव्हील हाताने फिरले, म्हणजे पिस्टन जाम नव्हता. खरी काळजी वाटली ती बिडाची, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडाची. रॉकेलने पुसून खडूची भुकटी लावल्यावर इंजिनाच्या अंगावर बोटभर काळी रेघ, म्हणजे तडा, उमटली आणि तिच्या शेजारी जुने वेल्डिंगही दिसले. बीड नीट तापवल्याशिवाय वेल्ड केले, तर ते जोडाशेजारीच पुन्हा तडकते.

मालक मात्र भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट किंमत सांगत होते. आरसी बुक त्यांच्याकडे नव्हते. पाटीवरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि बयाणा न देताच परतलो.